टाकीत पाणी नसताना

अर्जातला तो रकाना मी तीनदा कोरा सोडला.
अनुभव, आणि पुढे ठिपके,
गोळीबार चौकात टँकरपुढे गुंड ठेवावेत तसे रांगेत.

लिहीत मी होतेच. फुकट.
आमच्या गल्लीत ज्याला कागदाची भीती
तो आमच्या दारात चप्पल काढायचा.

नळाचा अर्ज दोन पानी झाला होता,
‘तहान’ हा शब्द सहा वेळा.
झोन ऑफिसातल्या बाबूनं कागद उलटासुलटा केला.
“ताई, साहेब दुसऱ्या ओळीच्या खाली उतरत नाही.
घरं किती, नळ किती, पाणी कधीपासून बंद,
एवढंच लिहा ना. कायले रडून राहिल्या?”
तिथंच, धाकट्या भावाच्या पाठीवर कागद ठेवून
तीन ओळी लिहिल्या.
तो गुदगुल्यांनी हलत होता म्हणून अक्षर वाकडं.
पाचव्या दिवशी टँकर आला.
तहान कुठंच नव्हती त्या अर्जात.

दुरुगकर काका गेले तेव्हा
पेपरवाले शब्दाला पैसे मोजत होते.
घरचे म्हणाले, विसात बसव.
मी ‘प्रेमळ’ कापलं, ‘मनमिळाऊ’ कापलं,
‘सुतार’ ठेवलं.
मोठा मुलगा बराच वेळ कागद धरून उभा.
मग म्हणाला, “हो. हे बाबाच आहेत.”

प्रणोतीच्या बायोडाटात तिनं सांगितलं म्हणून लिहिलं :
सायकलचं पंक्चर काढता येतं.
तिच्या आईनं खोडलं.
मी पुन्हा लिहिलं.
आईनं पुन्हा खोडलं, या वेळी पेन दाबून.
उरलेला कागद कोणत्याही मुलीचा असू शकला असता.

मग फेब्रुवारीत हिंगण्याला, एमआयडीसीत,
बोंदरे शेठची कूलरची शेड. आत वाळ्याच्या ताट्यांचा वास,
पत्रा ठोकण्याचा आवाज.
“लिहायचा अनुभव?”
पिशवीत काहीच नव्हतं दाखवायला.
अर्ज झोनमध्ये, काका रद्दीत, प्रणोती भंडाऱ्याला.
म्हटलं, “तीन ओळींत टँकर आणला होता.”

ते हसले नाहीत.
जुनं पत्रक सरकवलं पुढे.
“हिंदीवरून केलं कोणीतरी. यात हात आधी घालायचा सांगतला
अन् बटन नंतर बंद करायचं.
मागच्या साली एका बाईला करंट लागला.”

मी वाचलं. विचारलं, “पंप कुठं असतो?”
हे त्यांना बहुतेक कोणी विचारलं नव्हतं.
गजभिये फिटरला हाक गेली.
त्यानं जाळी काढली, पंप दाखवला,
कोरडा चालवून ऐकवलाही :
आधी खरखर, मग नुसतीच गुणगुण, मग जळका वास.
“थोडा वेळ असा चालला का गेला समजा.”

खोक्यावर बसून सतरा वाक्यं लिहिली.
विशेषण एकही नाही.
गजभियेनं ती मोठ्यानं वाचत, बोट ठेवत,
एक कूलर जोडून पाहिला.
अकरावं वाक्य चुकलं होतं. बदललं.

बाराशे रुपये. रबर लावलेल्या गड्डीतून मोजून.
“खाली नाव येते का?”
“कूलरच्या कागदावर कोणाचं नाव असते, बाई?”

घरी पोचल्यावर भावाला पन्नास दिले.
पाठीचं भाडं.

मे महिना. रात्रीही भिंती तापलेल्या.
पौनीकर काकूंकडे नवा कूलर आला, हिंगण्याचाच.
फरशी उंचसखल, म्हणून एका पायाखाली
माझं पत्रक, चौघडी करून.
वर आलेल्या घडीवर पहिलं वाक्य दिसत होतं :
टाकीत पाणी नसताना पंप सुरू करू नये.

काकू बादलीनं आधी टाकी भरत होत्या.
वाचून, की सवयीनं,
विचारलं नाही.
दुसरी बादली मी उचलली.